घरात सेडान आली: ४,२०० किमीनंतर माझं आणि मागच्या सीटचं म्हणणं

वळणवाट
गाडी दारात येऊन दोन महिने झाले. काट्यावर ४,२०० किमी आहेत, त्यातले तीन हजारांहून जास्त माझ्या हातचे. आता लिहिण्याइतकी ओळख झाली आहे.

आधी घरची परिस्थिती. अकरा वर्षं आमच्याकडे एकच हॅचबॅक होती, १.२ लिटर पेट्रोल, हाताने टाकायचे पाच गिअर. लायसन्स माझ्याकडे आधीपासून होतं, पण गाडी चालवायला मला बाबांनी शिकवलं ते त्या हॅचबॅकवर. शेजारी बसून ते एकच गोष्ट बघायचे: "ब्रेक कधी सोडलास ते मला कळता कामा नये." क्लच, गिअर, आरसे सगळं तोंडी सांगून झालं. ब्रेक सोडणं मात्र त्यांनी वर्षभर घोटून घेतलं.

आता गाडीत आम्ही पाच जण. आईला गाडी लागते. बाबांचे गुडघे दुखतात, तीन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी चालवणं जवळजवळ सोडलं. मुलगा सात वर्षांचा. नवरा रोज गर्दीतून ये-जा करतो, त्याला क्लच नको होता. मला मॅन्युअलच हवी होती, पण तसं म्हणणारी घरात मी एकटी, आणि गाडी सगळ्यांची. तेव्हा ऑटोमॅटिक.

कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा त्या नावाभोवती फिरते आणि चालवण्याचं राहून जातं. एवढं सांगते: १.४ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, सात गिअरचा ड्युअल क्लच, पुढची चाकं ओढणारी, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.७ मीटरच्या आसपास.

इंजिनावर फार लिहायला नको, ते छान आहे. १,६०० आरपीएमच्या खाली जरा झोपलेलं असतं, तिथून जो जोर लागतो तो ४,५०० पर्यंत टिकतो. पहिले १,५०० किमी मी ४,००० च्या वर नेलं नाही आणि एकाच वेगावर तासन्‌तास धरूनही ठेवलं नाही. सकाळी सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं अजूनही हलक्या पायाने चालवते. कूलंटचा काटा मधोमध आला तरी तेल त्याच्या बरंच नंतर तापतं, आणि टर्बोच्या बेअरिंगचं आयुष्य त्या तेलावर आहे.

गिअरबॉक्सशी जुळवून घ्यायला महिना गेला. आत दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. तिसऱ्यात वेग वाढवताना चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो, एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि गिअर पडल्याचं मानेला कळतसुद्धा नाही. सरळ रस्त्यावर याच्यापुढे माझा डावा पाय आणि हात दोन्ही कमी पडतील, हे मी मनापासून मान्य करते. पण गिअरबॉक्स अंदाजावर चालतो. चौथ्यात जोर लावत चढावर आलात की त्याने पाचवा तयार ठेवलेला असतो, आणि समोर एकदम केसाच्या पिनेसारखं वळण येतं. तुम्हाला हवा दुसरा. दुसरा आणि चौथा एकाच क्लचवर, म्हणजे थेट अदलाबदल होत नाही; मध्ये तिसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. त्यात अर्धा-पाऊण सेकंद जातो. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला आणि काहीच घडलं नाही असा तो अर्धा सेकंद. घाटात आता मी मॅन्युअल मोडच लावते आणि वळणाआधी, ब्रेक दाबलेला असतानाच, स्टेअरिंगमागच्या पॅडलने, बोटाने ओढायच्या पट्टीने, गिअर उतरवून ठेवते.

स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, हल्ली सगळ्यांचंच असतं. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा दिलं, तेव्हापासून त्यात पुष्कळ सुधारणा झाली. पार्किंगमध्ये एका बोटाने फिरतं, वेगात जड होतं, नेमकंही आहे. पण खडी कुठे आहे, टायरची पकड कुठे सुटायला लागली हे जुन्या गाडीत तळहाताला कळायचं, ते इथे कळत नाही. इथे ते पाठीला आणि मांडीला कळतं, सीटमधून. म्हणून पहिल्या आठवड्यात मी सीट दोन खाचा खाली घेतली, पाठ सरळ केली आणि खांदे न उचलता मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल एवढं अंतर ठेवलं. गाडी तीच, पण बोलायला लागली.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. सेडान घेतल्यावर मला वाटलं होतं की मी वळणांबद्दल लिहीन. वळणं सुंदर आहेत, नाक पटकन आत येतं, गाडी फार झुकत नाही. पण दोन महिन्यांत मी सगळ्यात जास्त शिकले ते मागच्या सीटवरून येणाऱ्या आवाजांमधून, किंवा आवाज न येण्यातून. त्याबद्दल खाली सविस्तर लिहीन. आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

अर्धाक्लच
छान लिहिलंय. मी मॅन्युअलवाला आहे आणि तसाच राहणार. पॅडल ओढणं म्हणजे गिअर मागणं, गिअर टाकणं ते नव्हे. वळणाआधी खाली उतरताना टाचेने थोडा ॲक्सिलरेटर देऊन इंजिनाचा वेग जुळवायचा आणि क्लच असा सोडायचा की गाडीला पत्ताच लागू नये, हे काम कॉम्प्युटरला दिलं तर माझ्याकडे उरतं काय?

दुसरं म्हणजे, गर्दीत हा गिअरबॉक्स गचके देतो का? एका नातेवाइकांच्या गाडीत बसलो होतो, तासाला पाच किमीच्या वेगात गाडी उंदरासारखी थांबत-पळत होती.

तेलपाणी
माझं काम गाड्या उघडण्याचं आहे, म्हणून गचक्यांबद्दल मी सांगतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. गाडी रांगते तेव्हा घसरण तेलात होते, झिजत काही नाही, फक्त तेल तापतं. ड्युअल क्लचमध्ये खऱ्या क्लचप्लेट आहेत. गाडी रांगते म्हणजे पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट धरलेला असतो, अगदी तुम्ही मॅन्युअलमध्ये अर्ध्या क्लचवर ठेवता तसाच. क्लच तेलात बुडालेला असेल तर तेल उष्णता उचलून नेतं. कोरडा असेल तर ती प्लेटमध्येच साठते, आणि प्लेट तापली की पकड बदलते, मग गचके येतात.

उपाय साधा आहे. पुढची गाडी हात-दीड हात सरकली म्हणून आपण सरकायचं नाही. दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग ब्रेक पूर्ण सोडून, हलका ॲक्सिलरेटर देऊन क्लचला पूर्ण धरू द्यायचं आणि पुन्हा पूर्ण थांबायचं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं तर अजिबात नाही. ब्रेक दाबून ठेवा. ब्रेक पुरेसा दाबलेला असला की क्लच सुटतो आणि थंड व्हायला वेळ मिळतो. पाय जेमतेम टेकवून गाडी रांगू दिली तर तो मध्येच लोंबकळत राहतो.

वळणवाट यांना एक शिफारस: सर्व्हिस बुकात गिअरबॉक्स तेलाचा कालावधी काय दिलाय ते बघून ठेवा. ओल्या क्लचच्या गाड्यांना बहुधा ते ठरावीक किमीला बदलावं लागतं आणि लोक ते विसरतात.

वळणवाट
तेलपाणी, हे नवऱ्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. आमचा क्लच कोरडाच आहे. पहिले दोन आठवडे तो गर्दीत ब्रेकवर नुसता पाय टेकवून रांगायचा आणि म्हणायचा गाडी अडखळते. जागा सोडून चालवायला लागल्यापासून तक्रार गेली.

अर्धाक्लच, तुमचं दुःख मला कळतं, कारण तेच माझंही आहे. टाच मारून दुसरा टाकताना इंजिनाचा आवाज बरोबर जुळला की होणारा आनंद या गाडीत नाही. पण एक मिळालं. गिअरकडे जाणारं लक्ष मोकळं झालं, ते सगळं ब्रेकवर आणि नजरेवर गेलं. मी आता वळणात पूर्वीपेक्षा लांब बघते.

पाचवीसीट
मी गाडी चालवत नाही, पण आयुष्यभर मागे बसत आले आहे. आणि मलाही गाडी लागते. चालवणारा उत्साही असला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण उत्साही माणूस म्हणजे हबके. तुमच्या आईचं काय झालं ते लिहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

वळणवाट
पाचवीसीट, हेच लिहायचं होतं.

गाडी आल्यावर आठव्या दिवशी आम्ही सगळे लांब निघालो, १८० किमी, त्यात २० किमी घाट. मी फार वेगात नव्हते. वळणं नीट घेत होते, असं मला वाटत होतं. घाट अर्धा झाला आणि आईने थांबायला सांगितलं. पाऊण तास रस्त्याच्या कडेला. जुन्या हॅचबॅकमध्ये असं क्वचित व्हायचं. मोठी, मऊ, शांत गाडी घेतली आणि आईला जास्त त्रास झाला, हे मला फार लागलं.

नंतर मी बसून वाचलं आणि विचार केला. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव हालचाल सांगतो आणि डोळे ती नाकारतात, तेव्हा मळमळ सुरू होते. हे बहुतेकांना माहीत असतं. मला नवीन होतं ते असं की सगळ्या हालचाली सारख्या त्रास देत नाहीत. खड्ड्यांचे भराभर दणके पोटाला फारसे लागत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे साधारण ०.२ हर्ट्झच्या आसपासची संथ हालचाल, पाच सेकंदांत एक हेलकावा. बोट लागते ती याचमुळे. आता घाटात मी काय करत होते बघा: ब्रेक, वळण, ॲक्सिलरेटर, पुन्हा ब्रेक. पाच-सहा सेकंदांना एक फेरा! गाडीचं नाक प्रत्येक फेऱ्यात खाली-वर होत होतं आणि मागे आई बोटीत बसली होती.

चालवणाऱ्याला गाडी का लागत नाही? त्याला पुढची हालचाल आधीच माहीत असते. मान वळणाच्या आत अगोदरच कललेली असते. मागच्या माणसाला ती बातमी उशिरा मिळते, आणि आमच्या सेडानमध्ये खिडकीची कड उंच, समोर मोठी हेडरेस्ट, म्हणजे आईला रस्ता जवळजवळ दिसतच नव्हता. हॅचबॅकमध्ये ती जरा उंच बसायची, तिला समोरची काच दिसायची.

मग मी तीन गोष्टी बदलल्या. आईची जागा पुढे डावीकडे केली, हे सगळ्यात सोपं. मुलाला गाडीत पुस्तक आणि मोबाईल बंद.

दुसरी गोष्ट चालवण्याची. पूर्वी मी सरळ टप्प्यात वेग घ्यायचे आणि वळणाआधी ब्रेकने उतरवायचे. आता सरळ टप्प्यातला वेगच कमी ठेवते, म्हणजे वळणाआधी उतरवण्याजोगं फार उरत नाही. आश्चर्य म्हणजे २० किमीच्या घाटात वेळ फक्त तीन मिनिटांनी वाढला. वळणातला वेग तोच राहिला, फक्त दोन वळणांमधली उगाचची पळापळ गेली.

तिसरी गोष्ट बाबांची. ब्रेक सोडणं. थांबताना शेवटच्या एका मीटरमध्ये पाय हळूच उचलायचा, म्हणजे वेग शून्य होतो त्याच क्षणी ब्रेकचा जोरही जवळजवळ शून्य झालेला असतो. तसं केलं नाही तर स्प्रिंगवर पुढे झुकलेली गाडी एकदम मागे येते आणि मागच्यांच्या माना डोलतात. वळणातही तेच: ब्रेक एकदम सोडून स्टेअरिंग फिरवलं तर नाक आधी उठतं, मग गाडी बाजूला झुकते, असे दोन वेगळे धक्के बसतात. जितकं स्टेअरिंग आत जाईल तितकाच ब्रेक सुटत गेला तर गाडीचा भार पुढून बाजूच्या चाकावर एका ओघात सरकतो. बाबा हे मला अकरा वर्षांपूर्वी सांगत होते. छोट्या, कडक हॅचबॅकमध्ये चूक झाली तरी खपून जायची. ही गाडी लांब आणि मऊ आहे, हिच्यात प्रत्येक चूक मागच्या सीटपर्यंत पोचते.

दुसऱ्या खेपेला आई पूर्ण घाट न थांबता आली. वर पोचल्यावर म्हणाली, "आज घाट कधी लागला?"

मैलदगड
हे वाचून जॅकी स्ट्युअर्टची आठवण झाली. १९६९, १९७१ आणि १९७३ असा तीनदा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता. तो एक प्रयोग करून दाखवायचा: बॉनेटवर एक वाडगा बसवायचा, त्यात चेंडू ठेवायचा, आणि चेंडू बाहेर न पडू देता जमेल तितक्या वेगात गाडी चालवायची. म्हणजे तुमच्या बाबांची शिकवण आणि विश्वविजेत्याची शिकवण एकच. टायरची पकड एकाच रकमेची असते, ती ब्रेक आणि वळण यांत वाटून द्यावी लागते. जो एकातून काढून दुसऱ्यात हळूहळू भरतो त्याची गाडी मऊही चालते आणि वेगातही.

माझा प्रश्न गतिरोधकाबद्दल. सेडान घेतल्यापासून पाच माणसं बसली की खालून लागते. तिरकी घातली तरी कधी कधी लागतेच.

तेलपाणी
तिरकी घालण्याने थोडा फायदा होतो, पण बॉडीला पीळ बसतो आणि बाजूची जागाही लागते. त्याआधी एक करून बघा. बहुतेक लोक पुढची चाकं उंचवट्यावर चढेपर्यंत ब्रेक दाबून ठेवतात. ब्रेक दाबलेला असताना नाक दबलेलं असतं, म्हणजे नेमकी हवी तेव्हा उंची कमी. वेग आधीच उतरवा, आणि चाक उंचवट्याला लागण्याच्या किंचित आधी ब्रेक सोडून द्या. नाक वर येतं आणि त्याच क्षणी चाक चढतं. मागची चाकं उतरेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात… म्हणजे पाय लावू नका.

लांब व्हीलबेसच्या गाडीचं पोट मधोमध लागतं, ते मात्र शेवटी भूमितीच आहे. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर मागची हवा वाढवा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो कुणी वाचत नाही.

वळणवाट
हवेवरून आठवलं. गाडी ताब्यात घेतली तेव्हा पहिले तीनशे किमी मी सस्पेन्शनला बोल लावत होते. छोट्या सांध्यांवर टकटक, सीट थरथरायची, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर सुटायची. मग घरच्या गेजने हवा बघितली तर चारही चाकांत ४० पीएसआय. पट्टीवर लिहिलंय ३३. गाड्या बरेच दिवस उभ्या राहणार असल्या की टायर एका जागी दबू नयेत म्हणून हवा जास्त ठेवतात, पण गिऱ्हाइकाला देताना ती उतरवायची असते. ती कुणी उतरवली नव्हती. ३३ वर आणली आणि दुसऱ्याच गाडीत बसल्यासारखं झालं. नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं: पहिल्याच दिवशी, टायर थंड असताना, स्वतः मोजा. आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजा. तापमानात दहा अंशांचा फरक पडला की दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो.

चाकोरी
सगळं वाचलं, आवडलं. तरी एक विरोधी सूर लावतो. घरात गुडघेदुखी, खालून गाडी लागते, आईला समोरचं दिसत नाही. या तिन्हींवर उंच एसयूव्ही हे सरळ उत्तर होतं. मग सेडान का?

वळणवाट
चाकोरी, योग्य प्रश्न आहे, आणि गुडघ्यांच्या बाबतीत तुमचं पूर्ण बरोबर आहे. बाबांना गाडीत बसणं जमतं, उठणं अवघड जातं. सीट खाली असली की उठताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. आता ते आधी पाठ करून सीटवर बसतात आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेतात, उतरताना उलट. पुढची सीट उंची वाढवता येणारी आहे, म्हणून बाबांनाच पुढे बसवावं असं वाटतं, पण मग आईचं काय? सध्या घाटात आई पुढे, सपाटीवर बाबा पुढे. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

बाकी मात्र मी सेडानच्या बाजूने उभी राहीन. उंच गाडीचा गुरुत्वमध्य उंच. त्याच वळणात, त्याच वेगात ती जास्त झुकायला बघते, आणि ते झुकणं रोखायला स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) कडक करावे लागतात. कडक बार म्हणजे एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तरी गाडी दोन्हीकडे हलते. म्हणजे घाटात हेलकावे, नाहीतर खराब रस्त्यावर डोकी इकडून तिकडे. बुटक्या गाडीला मऊ राहूनही सरळ राहता येतं. आईसाठी मला तेच हवं होतं.

शिवाय शांतता. हॅचबॅक आणि एसयूव्हीत डिकी आणि केबिन एकच खोली असते, मागच्या टायरचा आवाज ढोलातून यावा तसा पुढे येतो. सेडानमध्ये मध्ये सीटची पाठ आणि पत्र्याचा आडवा भाग असतो. १०० च्या वेगात बाबा मागून नेहमीच्या आवाजात बोलतात आणि मला ऐकू येतं. जुन्या गाडीत ८० नंतर आमचं बोलणं बंद व्हायचं.

आणि हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की ५६ टक्क्यांनी जास्त. त्यामुळे समोरून बघताना गाडी किती मोठी दिसते याला महामार्गावर फार किंमत आहे. टाकी ते टाकी मोजून मला महामार्गावर लिटरला १७.६ किमी मिळाले. स्क्रीन १८.९ दाखवत होता, म्हणून हिशेब कागदावरच ठेवा.

उभापाऊस
ओल्या रस्त्याचं जरा लिहा. जुन्या गाडीत तुमच्याकडे ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, नसेल बहुतेक?

वळणवाट
नव्हतं. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस होतं, बाकी काही नाही. या गाडीत ईएससी आहे, आणि मी ते बंद करत नाही. एकदा पावसात, वळणात डांबराचा गुळगुळीत पट्टा आला आणि पुढची चाकं सरळ जायला लागली. माझा पाय उचलला जाईपर्यंत गाडीने आतल्या मागच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावला होता. नाक परत आत आलं, दिवा दोनदा लुकलुकला, मागे मुलगा झोपलेलाच होता. चार चाकांपैकी एकालाच ब्रेक लावणं हे कोणत्याही माणसाच्या पायाला जमणार नाही. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने हे पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आणलं. मला गाडी चालवण्याची कितीही हौस असली तरी घरची माणसं बसलेल्या गाडीत हे असलंच पाहिजे.

आणि मागचे पट्टे. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये दिला, आणि आमच्या घरी मागे बसून तो लावण्यावरून अजून समजूत घालावी लागते. आता मी पाचही क्लिकचे आवाज ऐकल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकत नाही.

अर्धाक्लच
बाबांनी ही गाडी चालवली का? एवढं त्यांच्याबद्दल वाचल्यावर ते कळायला हवं.

वळणवाट
तुम्ही विचारलं तेव्हा चालवली नव्हती. मी दोनदा म्हटलं, ते "बघू" म्हणाले. ऑटोमॅटिकची सवय नाही, गुडघा, असं काहीबाही. मी मागे लागले नाही.

परवा सकाळी साडेपाचला ते तयार होऊन चावी मागायला आले. रस्ते रिकामे होते. नवरा पुढे बसला, गाडी कशी चालते ते सांगायला, आणि मी मागे. माझ्या लक्षात आलं की दोन महिन्यांत मी मागे एकदाही बसले नव्हते. आईच्या जागेवरून खरंच समोर काही दिसत नाही, हेडरेस्ट आणि आभाळाचा तुकडा.

त्यांनी डावा पाय मागे घेऊन ठेवला, क्लचच्या सवयीने ब्रेकवर पडू नये म्हणून. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन किमी सावकाश, मग एकदा पाय थोडा दाबून बघितला, टर्बो आला तसे "अच्छा" म्हणाले. बारा किमी चालवली. पॅडलला हात लावला नाही. आतल्या वळणाच्या रस्त्यावर वळणाआधी जिथे मी ब्रेकला पाय नेला असता तिथे त्यांनी आधीच पाय उचललेला असायचा. गाडी कधी झुकली आणि कधी सरळ झाली हे मी शोधत होते आणि मला सापडत नव्हतं.

सिग्नलला थांबलो. म्हणजे थांबलो होतो हे मला कळलं ते खिडकीबाहेरचा खांब सरकायचा बंद झाला तेव्हा.

घरी आल्यावर म्हणाले, ब्रेक पहिल्या इंचात जास्त पकडतो, पाय टेकवताना सांभाळ. मी तीन हजारांहून जास्त किमी चालवून ही गोष्ट तुम्हाला लिहिली नव्हती, कारण माझ्या लक्षातच आली नव्हती. आज मुद्दाम बघितलं, खरं आहे. तेलपाणी, हे ब्रेकचे पॅड बसले की कमी होतं, की पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचाच स्वभाव असतो?

तेलपाणी
बहुतेक बूस्टरचा स्वभाव. पॅड चार हजारांत बसलेत. पहिला टप्पा हलका करायचा असेल तर टाच जमिनीवर टेकवून पावलाच्या पुढच्या भागाने दाबा, मांडीच्या जोराने दाबू नका. नुसता घोटा हलला पाहिजे. बाबांना विचारा, ते तसंच करत असणार.

वळणवाट
विचारलं. तसंच करतात. रविवारी पुन्हा घाट आहे, पाच जण आणि भरलेली डिकी. मागची हवा पट्टीप्रमाणे ३८ करते आणि गतिरोधकावर तुमची युक्ती करून बघते. आल्यावर लिहीन.